शिबिरात सॅम शार्प सांगणार असशील तर

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि भाषणाचं टिपण मिळालं. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी टोळ्यांतल्या पोरापोरींचं शिबिर घेतेस आणि त्यात जमैका या तेव्हाच्या इंग्रजांच्या बेटावरच्या सॅम्युअल शार्पची गोष्ट सांगायची ठरवलीस, हे वाचून बरं वाटलं. गुलामांचं बंड म्हटलं की लोक स्पार्टाकसपाशी थांबतात. शार्पचं बंड उसाच्या मुलखातलं, आणि ते संप म्हणून सुरू झालेलं. तुझ्या श्रोत्यांना त्यातलं निम्मं न सांगताच कळेल.

टिपण तू फाशीपाशी संपवलंस. ‘२३ मे १८३२ रोजी तो हसत फासावर गेला आणि पुढच्याच वर्षी गुलामगिरी संपली.’ हे ‘हसत’ कुठून आणलंस? पण ते जाऊ दे, मला खटकलं ते त्यापुढचं. तुझ्या या एका वाक्यानं सहा वर्षं, तीनशेहून जास्त फाशी आणि दोन कोटी पौंड गिळून टाकलेत. टाळी तिथेच पडेल, मान्य. पण ज्यांना उद्या खरोखर काम बंद करायचंय त्यांच्या उपयोगाचं बरंचसं त्या वाक्याच्या पोटात अडकलंय. म्हणून हे लांबलचक पत्र. चहा ठेव आणि वाच.

आधी तयारीबद्दल, कारण ती तू चार ओळींत उरकलीस. शार्प माँटेगो बे या बंदराच्या गावात राहायचा. मालकाचंच नाव त्याला लावलेलं. लिहिता-वाचता येत होतं, वर्तमानपत्रं वाचायचा, इंग्लंडात गुलामगिरीवर काय वाद चाललाय यावर त्याचं लक्ष असायचं. बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळीत तो डीकन, म्हणजे मंडळीतला एक पुढारी होता, लोक त्याला ‘डॅडी शार्प’ म्हणत. गुलामांना एकत्र जमायची सोय जवळजवळ प्रार्थनेपुरतीच होती. मग प्रार्थनासभा व्हायची, बहुतेक जण उठून जायचे आणि निवडक लोक मागे थांबायचे. रिट्रीव्ह नावाच्या मळ्यावर अशाच एका रात्री बायबलवर हात ठेवून शपथा झाल्या. नाताळची सुट्टी संपली की कामावर जायचं नाही, मजुरी देत असतील तरच ऊस तोडायचा, गोऱ्यांच्या अंगावर जायचं नाही. पण त्यांनी बळजबरी केली तर लढायचं.

हा शेवटचा भाग तू गाळलास. का गाळलास ते कळतं, नेता अहिंसक ठेवला की सांगायला सोपा जातो. पण काही जणांनी बंदुका जमवल्या होत्या, त्यांची स्वतःची ‘ब्लॅक रेजिमेंट’ उभी राहिली, आणि १८३१चा डिसेंबर संपायच्या आत माँटपेलियरपाशी तिनं गोऱ्यांच्या मिलिशियाशी, म्हणजे हत्यारबंद नागरी पलटणीशी, लढून तिला मागे रेटलं. शार्पला संत करू नकोस. त्याला संप हवा होता, आणि संप मोडायला बंदुका येतील हेही त्याला दिसत होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात होत्या. तुझ्या पोरांना ते पेलेल.

मुहूर्त नाताळनंतरचाच का, हे मात्र त्यांना समजावत बसू नकोस. जमैकात उसाची तोड आणि गाळप नाताळ उरकला की सुरू व्हायचं. फड तयार, घाणे तयार, आणि तोडलेला ऊस दोन दिवस पडला की साखरेचा उतारा खाली. मालकाकडे सैन्य होतं, कायदा होता, चाबूक होता. वेळ तेवढा नव्हता. शार्पनं नेमकं तिथे बोट ठेवलं. त्या बेटावर तेव्हा तीन लाखांच्या आसपास गुलाम होते आणि त्यातले साठ हजारांपर्यंत या उठावात ओढले गेले असं मानतात. टेलिफोन नाही, पत्रक छापायची सोय नाही, एका मळ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर परवानगीची चिठ्ठी लागायची. तरी एवढी माणसं. इथे थांब आणि त्यांना विचार, हे कसं जमलं असेल? उत्तरं काय येतात ते मला कळव.

माझं उत्तर सांगतो. शार्पच्या शपथेत कोण कोण होतं ते पाहा. सुतार होते, इतर कसबी कारागीर होते, आणि मळ्यावरचे मुकादम होते. तिथला मुकादम स्वतः गुलामच. हातात चाबूक, पण स्वतःच्या पाठीवरही वळ. त्याला मळ्यातला प्रत्येक माणूस नावानं ठाऊक आणि त्याच्या शब्दावर टोळी उठायची. शार्पनं त्यांना शत्रूच्या यादीत टाकलं असतं तर नाताळनंतरच्या सकाळी भोंगा वाजताच लोक निमूट फडात गेले असते. आता मला माहीत आहे, मुकादम म्हटलं की तुझ्या कपाळावर आठी येते, आणि तुझ्या आईनं जे भोगलं त्यानंतर ती येणारच. आपल्याकडचा मुकादम गुलाम नाही, कमिशन घेतो, उचलीचा हिशेब त्याच्याच वहीत असतो. तरीही सगळे मुकादम सारखे नसतात, आणि त्यातल्या दोघा-तिघांशी तुला बसून बोलावंच लागेल. नको वाटलं तरी.

आता अफवेकडे वळतो. टिपणात तू लिहिलंस, ‘राजानं स्वातंत्र्य दिलं होतं, मळेवाल्यांनी ते दडवून ठेवलं.’ तसं नव्हतं. १८३१ साली लंडनमध्ये वाद चालू होता, कायदा झालेला नव्हता. पण गुलामांमध्ये ही बातमी पक्की होती. थॉमस बर्चेल नावाचा त्यांचा मिशनरी त्या वर्षी इंग्लंडला गेला होता, तर तो नाताळला परत येताना सुटकेचा कागद घेऊन येणार असं बोललं जायचं. त्यात मळेवाल्यांनीच तेल ओतलं. ठिकठिकाणी सभा घेऊन ते लंडनच्या सरकारला शिव्या घालत होते, आपण अमेरिकेला जाऊन मिळू म्हणत होते. पंक्तीला वाढणारा गुलाम हे ऐकत होता. मालक एवढा भडकलाय म्हणजे कागद आलेलाच असणार, असा त्यानं अर्थ लावला. त्यात वेडेपणा काहीच नव्हता. बायकांना चाबकानं मारणं बंद करा अशी सूचना लंडननं १८२३ सालीच केली होती आणि जमैकाच्या विधिमंडळानं ती धुडकावली होती. म्हणजे वरून आलेलं खाली पोचू द्यायचं नाही, हा अनुभव जुनाच होता.

शार्पला स्वतःला ही बातमी खरी वाटत होती की लोकांना बांधायला ती कामाची वाटली, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. तू त्यावर निकाल देऊ नकोस. पण पुढे काय झालं ते सांग. २७ डिसेंबरला, मंगळवारी, सॉल्टर्स हिल इथे नव्या चॅपेलच्या कार्यक्रमात विल्यम निब या मिशनऱ्यानं लोकांना तोंडावर सांगितलं की कागद वगैरे काही आलेला नाही, कामावर जा. लोक चिडले. ज्याला आपला मानला तोच मालकांना फितला, असं त्यांना वाटलं. त्याच संध्याकाळी आग लागली.

म्हणून माझा हट्ट आहे की दाखवता येत नाही तो कागद सभेत बोलायचा नाही. दरवाढीचा करार झाला असेल तर त्याची प्रत हातात घेऊन बोल. झाला नसेल तर झाला नाही म्हण, त्या दिवशी गर्दी थोडी कमी होईल.

आग केन्सिंग्टन मळ्यावर लागली. हा मळा माँटेगो बेच्या वरच्या अंगाला, टेकडीवर. उसाची वाळलेली चिपाडं साठवायची कोठारं पेटली आणि ती ज्वाळा आसपासच्या मळ्यांना दिसली. मग एकामागून एक डोंगर पेटत गेले. कामावर न जाण्याची शपथ घेतलेल्या माणसांचा संप एका रात्रीत उठाव झाला. कैदेत शार्प पुन्हा पुन्हा सांगत राहिला की मला जाळपोळ नको होती, रक्त सांडायचं नव्हतं, फक्त काम थांबवायचं होतं. मला ते खरं वाटतं. पण त्याच्या योजनेत पहिल्या रात्रीनंतर कुणी काय करायचं हे फारसं ठरलेलं दिसत नाही. कुठल्या मळ्यानं नुसतं बसून राहायचं, कुणी पळायचं, कुणी बोलणी करायची, कुणाच्या शब्दावर थांबायचं? हजारो माणसांना सुरुवातीचा दिवस ठाऊक होता. पुढचा दिवस कुणालाच ठाऊक नव्हता.

गिरणी संपाच्या वेळी मी तुझ्याएवढा होतो. १८ जानेवारी १९८२ ही तारीख गिरणगावात अजून लोकांच्या तोंडी आहे. तो संप संपला कधी, हे कुणालाही विचार. कुणी तारीख सांगू शकणार नाही, कारण तो कुणी मागे घेतलाच नाही.

जमैकात १ जानेवारीला सर विलोबी कॉटन फौज घेऊन माँटेगो बेला उतरला. शरण या, पुढारी सोडून बाकीच्यांना माफी, असं त्यानं जाहीर केलं. पुष्कळ लोक परत आले. पहिल्या आठवड्यातच उठावाचा जोर ओसरला, मग डोंगरातली पाठलागाची लढाई तेवढी राहिली. लष्करी कायदा मात्र ५ फेब्रुवारीपर्यंत चालला. आता आकडे नीट वाच. बंडखोरांच्या हातून मेलेले गोरे सुमारे १४. लढाईत मारले गेलेले गुलाम दोनशेच्या वर. आणि लढाई विझत आल्यावर, शिस्तीत, खटले चालवून मारलेले तीनशेच्या वर. माँटेगो बेच्या चौकातला फासाचा सांगाडा आठवडेच्या आठवडे रिकामा झाला नाही. तिघे-चौघे एकदम लटकवत, आणि देह काढून गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकायचं काम तुरुंगातल्या गुलामांना लावलेलं. अगदी किरकोळ आरोपांवरही माणसं गेली. काहींना त्यांच्याच मळ्यावर नेऊन फाशी दिली, घरच्यांनी बघावं म्हणून.

तुझ्या टिपणात हा भाग नाहीच. भाषणात तो सगळ्यात सावकाश सांग. लढताना मेलेल्यांपेक्षा थांबल्यावर मेलेले जास्त आहेत. तुझ्या माझ्या कामात फाशी नाही, देवाची कृपा. पण संप मिटल्यावर कुणाला पुढच्या हंगामात टोळीत घेत नाहीत, कुणाच्या मागे उचलीच्या वसुलीला माणसं लागतात, कुणावर पोलीस केस राहते, हे तू पाहिलेलं आहेस. त्या वेळी व्यासपीठावरची माणसं कुठे असतात हेही पाहिलंयस. तेव्हा हंगामाआधीच एक वही कर. कुणाची किती उचल अंगावर आहे, कोण बाहेरच्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात फडावर असेल, कुणाच्या घरी म्हातारं-लेकरू एकटं राहील. धान्याचं काय. वकील कोण. आणि ‘आता थांबा’ हे म्हणायचा अधिकार कुणाचा, ते नाव सगळ्यांच्या संमतीनं आधी ठरू दे. ते नाव तुझं असावंच असं काही नाही.

शार्पवर १९ एप्रिलला खटला चालला. त्यानं सगळा दोष स्वतःवर घेतला, मिशनऱ्यांचा यात हात नाही असं ठामपणे सांगितलं. तोवर मळेवाल्यांनी चॅपेलं पाडायला सुरुवात केली होती, मिशनऱ्यांना धरलं होतं, म्हणजे त्या सांगण्याला वजन होतं. हेन्री ब्लेबी नावाचा मेथडिस्ट मिशनरी त्याला कोठडीत भेटायचा. गुलामीत जगण्यापेक्षा त्या समोरच्या फासावर मरणं मला बरं, हे त्याचं गाजलेलं वाक्य ब्लेबीमुळेच आपल्यापर्यंत आलं. वाक्य जरूर सांग, पण ते कुणी लिहून ठेवलं तेही सांग. शार्पच्या हातचं काही आपल्यापाशी नाही. फाशीच्या दिवशी त्याच्या अंगावर नवे पांढरे कपडे होते, मालकाच्या घरातल्या बायकांनी शिवून दिलेले. ही गोष्ट मला फार विचित्र वाटते. कितीदा वाचली तरी तिचं काय करावं ते सुचत नाही. आणि त्याच्या मरणाची नुकसानभरपाई म्हणून मालकाला १६ पौंड १० शिलिंग मिळाले.

हा आकडा लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं त्याच हिशेबानं झालं. निब सुटला, इंग्लंडला गेला, गावोगाव सभा घेत फिरला, पार्लमेंटच्या समित्यांपुढे त्यानं साक्ष दिली. आणखी थांबलो तर पुढचा उठाव आवरणार नाही, ही भीती लंडनला बसली होती. माझ्या मते उठावानं कायदा ओढून जवळ आणला. पण एकट्या उठावानं नव्हे. त्याच १८३२ साली तिथे मतदानाचा कायदा बदलला आणि मळेवाल्यांचे पार्लमेंटातले हस्तक कमी झाले, तेही धर. १८३३च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, १ ऑगस्ट १८३४ पासून लागू. मालकांना भरपाई दोन कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश सरकारच्या वर्षाच्या खर्चाचा साधारण चाळीस टक्के हिस्सा. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटनचे करदाते २०१५ पर्यंत फेडत होते. गुलामांना पै नाही. जाता जाता, कंपनी सरकारच्या मुलखाला, म्हणजे आपल्याला, तो कायदा लागूच नव्हता. आपल्याकडे त्यासाठी १८४३ उजाडलं.

आणि ‘लागू’ म्हणजे तरी काय? सहा वर्षांखालची मुलं सुटली. बाकीच्यांना ‘उमेदवार’ ठरवून त्याच मालकाकडे आठवड्याला चाळीसहून जास्त तास बिनपगारी काम. चाबूक मालकाच्या हातून गेला, तर त्याच्या जागी तुरुंगातली पायचक्की आली, तिच्यावर बायकांनाही चढवत. फडातल्या लोकांसाठी हे सहा वर्षं चालणार होतं, आरडाओरड झाल्यामुळे चार वर्षांत, १ ऑगस्ट १८३८ला संपलं. मग मालकांनी खोपटांना भाडं लावलं. जे खोपट त्या माणसांनी स्वतः बांधलं, ज्या तुकड्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या रताळी-सुरण लावत आली, त्याचं भाडं. काही ठिकाणी तर घरात जितकी माणसं तितकं. भाडं मजुरीतून कापायचं, नाहीतर बाहेर. यावर लोकांनी काय केलं? पैसे जमवून, चर्चच्या मदतीनं डोंगरात जमिनी घेतल्या आणि आपली गावं वसवली. स्लिगोव्हिल हे त्यातलं पहिलं. पुष्कळ बायकांनी फडात जाणंच बंद केलं. शार्पच्या संपाचा खरा दुसरा दिवस मला वाटतं हाच. सात वर्षं उशिरा आला. तुझ्या शिबिरात निम्म्या पोरी आहेत म्हणालीस, त्यांच्यासाठी हा भाग राखून ठेव.

मळेवाल्यांनी काय केलं तेही सांग, कारण तिथे आपण येतो. त्यांना स्वस्तात ऊस तोडणारे दुसरे हात हवे होते. १८४५ला हिंदुस्थानातल्या गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज जमैकाला लागलं. त्याच्याही आधी मॉरिशसला हे सुरू झालं होतं. तोही इंग्रजांचा उसाचाच मुलूख, आणि तिथले गुलाम त्याच कायद्यानं सुटले होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, घाटावरची मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. सुटलेल्या माणसाची जागा करारानं बांधलेल्या माणसानं भरून काढायची, ही युक्ती तेव्हापासूनची.

एक मात्र कर. गिरमिटिया, गुलाम आणि आजचा ऊसतोड मजूर यांना एका दावणीला बांधू नकोस. टिपणात ‘आपणही गुलामच’ असं एक वाक्य आहे, ते खोड. शार्पला बाजारात विकता येत होतं. त्याला मूल झालं असतं, आई गुलाम असती, तर ते जन्मतःच कुणाच्या तरी मालकीचं असतं. उचलीचा फास खरा आहे, कोयत्यामागे नवरा-बायको दोघांना एक हिशेब हा अन्याय खरा आहे, तेवढं बोललं तरी पुरे होतं. वाढवून बोललं की समोरचा साखर कारखान्याचा माणूस फक्त तेवढंच वाक्य उचलेल आणि बाकीच्यावर बोलायचं टाळेल.

१८६५ला त्याच बेटावर मोरांट बे इथे पॉल बोगलच्या पुढाकारानं लोक पुन्हा उठले आणि गव्हर्नर आयरनं चारशेहून जास्त माणसं मारवली. बोगलही बॅप्टिस्ट डीकनच होता. हे शिबिरात बसवायला वेळ पुरणार नाही, पण कुणी विचारलं की ‘मग १८३८ नंतर सगळं नीट झालं का’, तर हे हाताशी असू दे. शार्पला जमैकानं १९७५ला राष्ट्रीय वीर केलं, ज्या चौकात त्याला टांगलं त्याला आता त्याचं नाव आहे. हे कुणी विचारलं तर सांग, नाहीतर राहू दे.

नवा मसुदा पाठवशील तेव्हा फाशीनंतरचा भाग आधीच्या भागापेक्षा लांब असला पाहिजे. मी पानं मोजणार आहे. आणि ती वही सुरू केलीस की पहिलं पान मला दाखव. उचलीचे आकडे मुकादमाच्या तोंडून न घेता त्या त्या घरी जाऊन, बाईला विचारून लिही. दोन्हींत फरक निघेल.

तुझा,
काका